जुन्या ट्रॅक्टरच्या लोडरला हायड्रॉलिक वॉल्व्ह कोणता बसवावा?

पस्तीस-चाळीस एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला पुढून लोडर बसवायचं ठरलं, की आधी आर्म आणि बकेटचा विचार होतो, मग जॅकचा, म्हणजे तेलाच्या दाबानं आर्म हलवणाऱ्या सिलिंडरचा, आणि जॅककडं तेल सोडणारा वॉल्व्ह सगळ्यात शेवटी, दुकानात जो असेल तो. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या भागात असे लोडर बऱ्याच वस्त्यांवर दिसतात. छाटणीआधी बागेसाठी शेणखत भरायचं असतं, चाळीपुढचा सडका कांदा उचलायचा असतो, शेततळ्यातला किंवा बंधाऱ्यातला गाळ ट्रॉलीत टाकायचा असतो. मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि मोठं मशीन तासावर बोलावणं छोट्या कामाला परवडत नाही. आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले आर्म भक्कम बनवतात. पण पुढं तेल तापतं, पंप ओरडतो, अवजारं उचलणारी मागची लिफ्ट मंदावते, भरलेली बकेट आपोआप खाली येते. या तक्रारींचं मूळ शोधत गेलं, तर बहुतेक वेळा ते चुकीच्या वॉल्व्हपाशी किंवा बरोबर वॉल्व्हच्या चुकीच्या जोडणीपाशी सापडतं.

वॉल्व्ह निवडताना एक प्रश्न शेवटपर्यंत सोडू नका: लिव्हरला कुणाचाच हात नसतो तेव्हा पंपाचं तेल कुठं जातं? दिवसभराच्या कामात लिव्हर ओढलेला असतो तो थोडाच वेळ. उरलेला सगळा वेळ इंजिन चालू असतं, पंप फिरत असतो आणि त्या तेलाला टाकीकडं परत जायला मोकळी वाट लागते. ही वाट नीट असेल तर साधा वॉल्व्हही वर्षानुवर्षं चालतो. ती अडली, तर महागडा वॉल्व्हही तेल जाळत बसतो.

आधी पंप ओळखा

दुकानात जाण्याआधी ट्रॅक्टरखाली जा. लिफ्टचा पंप कुठं आहे, कशावर फिरतो आणि कसा चालतो, हे कळल्याशिवाय वॉल्व्हची चौकशीसुद्धा करू नका.

मॅसी फर्ग्युसन १०३५ आणि त्याच घराण्यातल्या ट्रॅक्टरांमध्ये पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो. तो गिअर पंप नसून पिस्टनचा पंप आहे, आणि त्याचं नियंत्रण तेल आत येण्याच्या बाजूला आहे. लिफ्टचा लिव्हर न्यूट्रलला असला, की पंप फिरतो पण तेल ओढतच नाही. म्हणून या ट्रॅक्टरच्या लिफ्टमधून नुसता पाइप बाहेर काढून लोडरचा वॉल्व्ह लावला, तर लिव्हर ओढल्यावर काहीच हलत नाही. तेल मिळवायला लिफ्टचा लिव्हर उचलण्याच्या जागी ठेवावा लागतो आणि मागचे आर्म वर जाऊ नयेत म्हणून मध्ये वेगळा बंद-चालूचा वॉल्व्ह घालावा लागतो. एवढं करूनही तेल मिनिटाला पंधरा लिटरच्या आसपासच मिळतं. ट्रॉलीच्या जॅकला तेवढं पुरतं. दिवसभर ट्रॉल्या भरायच्या असतील, तर प्रत्येक उचलीला ताटकळत बसावं लागतं.

दुसऱ्या प्रकारच्या ट्रॅक्टरांत गिअर पंप असतो. इंजिन चालू आहे तोवर तो सतत तेल ढकलतो आणि काम नसेल तेव्हा ते तेल लिफ्टच्या वॉल्व्हमधून फिरून परत जातं. इथं लोडरचा वॉल्व्ह पंप आणि लिफ्ट यांच्या मध्ये जोडता येतो. त्याची रीत पुढं सांगतो.

क्लचकडंही नीट बघा, कारण याकडं फार कमी जणांचं लक्ष जातं. पंप पीटीओच्या (मागची अवजारं फिरवणाऱ्या) शाफ्टवर चालत असेल आणि क्लच सिंगल असेल, तर क्लच दाबताच पंपही थांबतो. लोडरच्या कामात ढिगाशी आलं की क्लच, मागं वळताना क्लच, ट्रॉलीशी पुन्हा क्लच. नेमकी बकेट उचलायची त्या क्षणी पंप बंद. ड्युअल क्लच पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबला, तर ही अडचण येत नाही. सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरला माझं मत ठाम आहे: समोर क्रँक पुलीवरून चालणारा स्वतंत्र गिअर पंप बसवा, त्याला वेगळी टाकी द्या आणि मागच्या लिफ्टला हातच लावू नका. खर्च थोडा वाढतो. पण गिअरबॉक्सचं तेल लोडरच्या धुळीपासून वाचतं, पंप इंजिनाबरोबर कायम चालू राहतो आणि वॉल्व्हची जोडणीही सोपी होते. पंप घेताना त्याची फिरण्याची दिशा आधी सांगा. उलट्या दिशेचा पंप लावला, तर पहिल्याच मिनिटात त्याचं शाफ्ट सील जाऊ शकतं.

पीटीओवर पंप लावायचाच असेल, तर हिशोब बघा. ५४० फेऱ्यांवर मिनिटाला ३० लिटर हवे असतील, तर एका फेरीला ५५ सीसी तेल देणारा मोठा पंप लागतो. क्रँकवर २००० फेऱ्या मिळतात, तिथं १६ सीसीचा छोटा पंप ३२ लिटर देतो. सूत्र साधं आहे: सीसी गुणिले फेऱ्या, भागिले १०००. पंप जुना असेल तर त्यातून काही टक्के वजा धरा.

तेल किती येतं ते मोजा

पंपावरची पाटी पुसली गेली असेल, तर टिपिंग ट्रॉली कामाला येते. जॅकचा आतला व्यास आणि स्ट्रोक (दांडा किती बाहेर येतो ते) मोजा, त्यावरून आत किती लिटर तेल मावतं ते काढा आणि रिकामी ट्रॉली पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. मग तीच मोजणी ट्रॉली भरून करा, इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर. भरलेल्या ट्रॉलीला खूपच जास्त वेळ लागला, तर पंप आतून झिजलाय किंवा लिफ्टचा रिलीफ वॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की तेल सोडून देणारा) आधीच गळतोय. अशा पंपावर नवा वॉल्व्ह लावून लोडरचा जोर वाढणार नाही. आधी पंप दुरुस्त करा.

ओपन सेंटर की क्लोज्ड सेंटर

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. ओपन सेंटर वॉल्व्हमध्ये सगळे लिव्हर मध्यावर असताना तेल पंपाच्या पोर्टमधून सरळ टाकीच्या पोर्टकडं निघून जातं. क्लोज्ड सेंटर वॉल्व्हमध्ये ती वाट बंद असते. तो वॉल्व्ह अशा पंपासाठी बनवलेला असतो, जो गरज नसेल तेव्हा तेल देणं स्वतःहून कमी करतो. गिअर पंपाला ते जमत नाही. प्रत्येक फेरीला ठरलेलं तेल तो ढकलणारच.

गिअर पंपावर क्लोज्ड सेंटर वॉल्व्ह बसवला, तर तेलाला जायला एकच जागा उरते: रिलीफ वॉल्व्ह. तेल अखंड दाबाखाली तिथून सुटत राहतं. किती शक्ती वाया जाते ते बघा. लिटर प्रति मिनिट गुणिले बार (दाबाचं माप), भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. ३० लिटर आणि १५० बारला उत्तर येतं साडेसात किलोवॅट, म्हणजे विहिरीवरच्या १० एचपीच्या मोटरीची पूर्ण ताकद नुसती तेल तापवण्यात जाते. डिझेल जळतं, सील कडक होतात आणि पंप सतत ओरडत राहतो.

म्हणून जुन्या ट्रॅक्टरला ओपन सेंटर वॉल्व्हच. एक्स्कॅव्हेटर किंवा क्रेनच्या भंगारातून निघालेला वॉल्व्ह स्वस्त मिळतो म्हणून मोह होतो, पण त्यातले बरेच लोड सेन्सिंग (वजनाप्रमाणं तेल कमी-जास्त देणाऱ्या पंपासाठीचे) किंवा क्लोज्ड सेंटर असतात. ओळखायचं कसं? सगळे स्पूल (लिव्हरनं आत सरकणारे, तेलाची वाट बदलणारे दांडे) मध्यावर ठेवा आणि पंपाच्या पोर्टमध्ये कंप्रेसरची हवा अगदी हलकी सोडा. टाकीच्या पोर्टमधून हवा मोकळी बाहेर आली, तर ओपन सेंटर. अडली, तर वॉल्व्ह परत ठेवा. पॉवर बियाँडची स्लीव्ह (दाबाचं तेल पुढं लिफ्टला देणारी, तिची माहिती खाली आहे) बसवलेली असेल, तर हवा टाकीच्या पोर्टऐवजी त्या तिसऱ्या पोर्टमधून येईल, तेही तपासा.

याच तपासणीत जॅकच्या दोन पोर्टांवर बोट ठेवून बघा. मध्यावर असताना तिथून हवा येता कामा नये. येत असेल, तर तो हायड्रॉलिक मोटरसाठीचा स्पूल आहे. मोटर सुटी फिरावी म्हणून त्यात दोन्ही पोर्ट टाकीला जोडलेले असतात. लोडरला तो लावला, तर लिव्हर सोडताच भरलेली बकेट खाली येईल.

माप: पंपाच्या लिटरवर थांबू नका

वॉल्व्हवर लिहिलेला आकडा, उदाहरणार्थ ४० किंवा ८० लिटर, हा साधारण किती तेल त्यातून आरामात जाईल याचा असतो. पंप ३० लिटरचा, मग ४० चा वॉल्व्ह पुरेसा, असं वाटतं. पण परतीचं तेल मोजायचं राहून जातं.

लोडरच्या लिफ्टला ६३ मिलीमीटर बोअरचे (आतल्या व्यासाचे) आणि ३५ मिलीमीटर रॉडचे (दांड्याचे) दोन जॅक आहेत असं धरू. बोअरच्या बाजूचं क्षेत्रफळ ३१.२ चौरस सेंटीमीटर. रॉडच्या बाजूला रॉडची जागा वजा होते आणि २१.६ उरतं. बकेट खाली घेताना पंपाचं ३० लिटर तेल रॉडच्या बाजूला शिरतं, आणि त्याच वेळी बोअरच्या बाजूनं बाहेर पडतं ४३ लिटर. रॉड जाड असेल, तर हा आकडा आणखी वाढतो. म्हणजे ४० चा वॉल्व्ह परतीच्या वाटेवर तोकडा पडू लागला. तो लगेच बिघडणार नाही, पण तेल तापेल आणि हालचाल जड वाटेल. ३० लिटरच्या पंपाला ६० ते ८० च्या वर्गातला वॉल्व्ह घ्या. पंधरा-वीस लिटरच्या पंपाला ४० चा भरपूर झाला.

उलट टोकही वाईटच. १२० लिटरचा अवजड वॉल्व्ह २० लिटरच्या पंपावर लावला, की लिव्हर थोडा हलवला तरी सगळं तेल एकदम सुटतं. बकेट झटक्यानं हलते, हळूहळू टेकवता येत नाही. ट्रॉलीच्या फाळक्याला किंवा चाळीच्या खांबाला धक्का बसायला एवढं पुरतं.

वेगाचा अंदाजही याच आकड्यांतून मिळतो. हेच दोन जॅक ५०० मिलीमीटर स्ट्रोकचे असतील, तर दोघांत मिळून ३.१ लिटर तेल मावतं. ३० लिटरच्या पंपावर आर्म साधारण सहा सेकंदांत वर जातात, १५ लिटरवर साडेबारा सेकंद लागतात. शेतातल्या कामाला सहा ते आठ सेकंद चांगले.

कोणत्या लिव्हरला कोणता स्पूल

लोडरला किमान दोन स्पूल लागतात, एक आर्म उचलायला आणि एक बकेट फिरवायला. ट्रॉली त्याच पंपावर टिप करायची असेल किंवा पुढं कधी खताचा पंजा लावायचा असेल, तर तीन स्पूलचा वॉल्व्ह आत्ताच घ्या. एका सलग ओतीव बॉडीच्या वॉल्व्हला नंतर स्पूल वाढवता येत नाही. सेक्शन जोडून केलेल्या वॉल्व्हला वाढवता येतो, पण त्याच्या जोडांत ओ-रिंगा असतात, म्हणजे गळण्याच्या जागाही वाढतात. दोन-तीन स्पूलच्या शेती लोडरला मी सलग बॉडीचाच सांगतो.

आर्मच्या स्पूलला फ्लोट हवाच. लिव्हर पुढं ढकलला की आर्म खाली, आणि आणखी पुढं ढकलला की खटकन अडकून फ्लोट. फ्लोटमध्ये जॅकच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात आणि बकेट स्वतःच्या वजनावर जमिनीच्या उंचसखल भागाप्रमाणं सरकत जाते. गोठ्यापुढचं शेण गोळा करताना किंवा खळ्यावरचा थर खरवडताना फ्लोट नसेल, तर चालकाला सतत लिव्हर वरखाली करावा लागतो. कधी बकेट जमिनीत रुतते, कधी पुढची चाकं उचलली जातात. आपल्या काळ्या मातीत तर ती ओली असताना बकेट लगेच आत घुसते. फ्लोट नसलेला वॉल्व्ह थोडा स्वस्त मिळतो, पण ही बचत करू नका. एक इशारा मात्र प्रत्येक चालकाला द्या: बकेट उंच असताना लिव्हर फ्लोटला गेला, तर ती सरळ खाली पडते.

फ्लोट सोडून बाकी कुठल्याही जागी लिव्हर अडकून राहता कामा नये. हात सोडला की स्प्रिंगनं तो मध्यावर यायलाच हवा. उचलण्याच्या जागी अडकणारा लिव्हर घेतला, तर आर्म शेवटाला पोहोचले तरी तेल रिलीफवर सुटत राहतं आणि चालकाला पत्ताही लागत नाही.

बकेटच्या स्पूलमध्ये दोन प्रकार मिळतात, साधा आणि रिजनरेटिव्ह. भरलेली बकेट ओतताना वजनामुळं ती पंपाच्या तेलापेक्षा वेगानं पुढं पळते. जॅकच्या बोअरच्या बाजूला पोकळी तयार होते, आणि बकेट पूर्ण झुकल्यानंतर पुन्हा जोर यायला एक-दोन सेकंद जातात. रिजनरेटिव्ह स्पूल ओतताना रॉडच्या बाजूचं तेल टाकीकडं न सोडता पंपाच्या तेलात मिसळून बोअरच्या बाजूला देतो. पोकळी राहत नाही आणि बकेट भरभर ओतली जाते. त्या दिशेला जोर कमी मिळतो, पण ओतायला जोर लागतोच किती! ओलं शेणखत आणि गाळ भरणाऱ्यांनी हा स्पूल जरूर मागावा. कोरडा मुरूम किंवा धान्य हलवणाऱ्यांचं साध्या स्पूलवर भागतं.

दोन लिव्हर की एक जॉयस्टिक? लोडर चालवताना डावा हात स्टिअरिंगवर असतो. उजव्या एका हातानं आर्म आणि बकेट दोन्ही सांभाळायचे, तर जॉयस्टिक बरी. मागं ओढलं की आर्म वर, पुढं ढकललं की खाली, डावीकडं नेलं की बकेट भरते, उजवीकडं नेलं की ओतते. थेट वॉल्व्हवर बसणारी जॉयस्टिक घ्या. केबलची जॉयस्टिक आपल्या धुळीत लवकर जड होते.

मागची लिफ्टही चालवायची असेल तर पॉवर बियाँड

समोर स्वतंत्र पंप लावला असेल, तर हा भाग सोडून पुढं गेलात तरी चालेल. एकाच पंपावर लोडर आणि मागची लिफ्ट चालवायची असेल, तर मात्र नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

सोपी वाटणारी जोडणी अशी असते: पंपाचा पाइप लोडर वॉल्व्हला, आणि वॉल्व्हच्या टाकीच्या पोर्टमधून निघालेला पाइप लिफ्टला. कुणी लिव्हरला हात लावला नाही, तर तेल पुढं लिफ्टला जातं, सगळं चालतं. पण मागं नांगर किंवा रोटाव्हेटर उचलला, की लिफ्टचा पूर्ण दाब उलटा त्या टाकीच्या पोर्टमध्ये येतो. वॉल्व्हचा तो भाग परतीच्या हलक्या दाबासाठी बनवलेला आहे. स्पूलच्या टोकांची सील सुटतात, कधी शेवटचं झाकण तडकतं, आणि गरम तेल चालकाच्या पायावर येतं.

यासाठी पॉवर बियाँडची स्लीव्ह असते. ती बसवली, की वॉल्व्हला पंप, टाकी आणि पुढचा दाब असे तीन रस्ते मिळतात. मध्यावर असताना तेल दाबाच्या वाटेनं लिफ्टला जातं. लोडरच्या जॅकमधून परत येणारं आणि रिलीफमधून सुटणारं तेल वेगळ्या पाइपनं थेट टाकीत जातं. हा टाकीचा पाइप जोडलाच पाहिजे, तिथं प्लग मारून बंद करायचा नाही. स्लीव्ह त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलची हवी. दुसरी आट्यांत बसली, तरी आतली वाट बंद करेलच असं नाही. घेतानाच दुकानदाराला विचारा की या वॉल्व्हला पॉवर बियाँड होतं का. सगळ्यांना होत नाही.

लोडरचा लिव्हर पूर्ण ओढलेला असताना लिफ्टला तेल मिळणार नाही. हा दोष नाही, जोडणीच तशी आहे.

रिलीफचा दाब

बरेच नवे वॉल्व्ह २०० बारच्या आसपास लावून येतात. जुन्या ट्रॅक्टरच्या पंपाला किंवा पाइपला तेवढं झेपेलच असं नाही. पंप, पाइप, जॅक आणि ट्रॅक्टर यांतला सगळ्यात कमी आकडा ही तुमची मर्यादा. अर्धा इंची एका जाळीच्या पाइपची क्षमता साधारण १६० बार, दोन जाळींच्या पाइपची २७५ बार असते. लोडरला दोन जाळींचाच पाइप वापरा.

दाब वाढवून जास्त वजन उचलण्याचा मोह आवरा. ६३ मिलीमीटरचा एक जॅक १५० बारला सुमारे ४७०० किलोचा जोर देतो. दोन जॅकना तेल भरपूर ताकद देतं. कमी पडतो तो ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल, किंगपिन आणि मधली पिन. पंचवीस-तीस वर्षांच्या ट्रॅक्टरवर बकेटमध्ये तीन-साडेतीनशे किलोच्या पुढं जाऊ नका, आणि मागं पुरेसं वजन असल्याशिवाय लोडर चालवूच नका. मागची चाकं हलकी झाली, की ब्रेकही कामाचे राहत नाहीत, कारण ब्रेक मागच्याच चाकांना आहेत.

दाब लावताना पंपाच्या लाइनवर ० ते २५० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज टी लावून जोडा. आधी रिलीफचा स्क्रू ढिला करा. इंजिन मंद ठेवून बकेट शेवटापर्यंत भरण्याच्या दिशेनं न्या, लिव्हर दोन-तीन सेकंद धरा, आकडा बघा, सोडा. स्क्रू पाव आटा आवळा आणि पुन्हा बघा. तेल गरम झाल्यावर एकदा परत तपासा. गेज नसताना अंदाजानं स्क्रू आवळणाऱ्या माणसाला लोडरजवळ येऊ देऊ नका.

जुना वॉल्व्ह घेत असाल तर

स्पूल हातानं बाहेर-आत करून बघा. तो अडखळता कामा नये आणि हातात खुळखुळताही कामा नये. बाहेर दिसणाऱ्या भागावर गंजाचे खड्डे असतील, तर नवं सीलही आठवड्यात कापलं जाईल. बॉडीवर वेल्डिंग किंवा एम-सीलचा लेप दिसला, तर घेऊ नका. ओतीव लोखंडाची डागडुजी दाबाखाली टिकत नाही.

स्पूल आणि बॉडी यांच्यामध्ये रबर नसतं, घोटीव धातूवर धातू असतो. त्यामुळं थोडी गळती नव्या वॉल्व्हमध्येही असते, आणि उचललेली बकेट रात्रभरात खाली टेकली तर त्यात दोष नाही. पाच मिनिटांत टेकत असेल, तर आहे. मग जॅकचं सील गेलंय की वॉल्व्ह झिजलाय? आर्मखाली भक्कम आधार देऊन, दाब पूर्ण उतरवून, आर्मच्या जॅकचे पाइप सोडा, बोअरच्या बाजूच्या पोर्टांवर दाबाचे प्लग लावा आणि रॉडच्या बाजूचे पोर्ट उघडे ठेवा. मग दूर उभं राहून आधार हळूच काढा. बकेट थांबली, तर दोष वॉल्व्हचा. सिलिंडरचं होनिंग, रॉडचं क्रोम, पाइपचं क्रिम्पिंग ही कामं नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसी भागात होतात. पण झिजलेल्या वॉल्व्हची बॉडी नव्या स्पूलशी जुळवणं बहुतेक वेळा परवडत नाही.

आटे, पाइप, टाकी, तेल

आपल्याकडं वॉल्व्हचे पोर्ट बहुधा तीन-अष्टमांश किंवा अर्धा इंची बीएसपी आट्यांचे असतात. आयात केलेल्या वॉल्व्हला मेट्रिक किंवा यूएनएफ आटे असू शकतात. अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे निमुळते आटे) या दोन्हींचे इंचाला १४ आटे असतात, म्हणून एक दुसऱ्यात सुरुवातीला छान बसतो. पण आट्याचा कोन वेगळा आहे, तो गळणारच, आणि जोर लावला तर बॉडी तडकेल. सरळ बीएसपीला डाउटी वॉशर (आतून रबराची कड असलेला धातूचा वॉशर) वापरा. टेफ्लॉन टेप हायड्रॉलिकमध्ये नकोच, त्याचा एक तुकडा स्पूलमध्ये अडकला तरी पुरे.

३० लिटरच्या पंपाला दाबाचा पाइप अर्धा इंची, पंपाकडं तेल ओढणारा एक इंची. ओढणारा पाइप बारीक ठेवला, की पंप हवा ओढल्यासारखा ओरडतो. स्वतंत्र टाकी ४० लिटरची असावी, परतीच्या लाइनवर फिल्टर असावा आणि परतीचा पाइप तेलाच्या पातळीखाली सोडावा, नाहीतर फेस होतो.

तेल ४६ नंबर की ६८ नंबर? निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, आणि एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यात चाळिशीच्या आसपास असतो. हिवाळ्यात पहाटे काम करणाऱ्यांना ४६ सोयीचं, कारण ६८ थंडीत घट्ट होऊन पंपाला ओढायला जड जातं. उन्हाळ्यात दिवसभर गाळ भरणाऱ्यांना ६८. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं तेल वापरत असाल, तर हा पर्याय उरतच नाही, ट्रॅक्टरच्या पुस्तकातलं तेलच घाला.

बसवताना

वॉल्व्ह उजव्या हाताच्या सहज आवाक्यात, वाकावं लागणार नाही असा बसवा. ज्या पट्टीवर तो बसतो ती अगदी सपाट हवी. वाकड्या पट्टीवर तीन बोल्ट आवळले, की बॉडीला पीळ बसतो आणि हातात मोकळा फिरणारा स्पूल जागेवर अडकतो. बोल्ट ढिले केल्यावर स्पूल सुटला, तर दोष पट्टीचा आहे. पोर्टची सगळी झाकणं पाइप लावेपर्यंत काढू नका. ब्रॅकेटचं वेल्डिंग वॉल्व्ह आणि जॅक बाजूला ठेवून करा. रॉडच्या क्रोमवर उडालेली एक ठिणगी पुढं प्रत्येक स्ट्रोकला सील कापत राहते.

आर्म वेगानं खाली येत असतील, तर आर्मच्या बोअरच्या लाइनवर एका दिशेनं तेल रोखणारा रिस्ट्रिक्टर बसवा. पाइप फुटण्याची धास्ती असेल, तर जॅकवरच लॉक वॉल्व्ह (तेल जॅकमध्येच अडवून धरणारा) लावा. तो पाइपच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे कंट्रोल वॉल्व्हजवळ लावून काही उपयोग नाही. त्यातून आर्मचा फ्लोट चालतो का, हे घेतानाच विचारा. बऱ्याच लॉक वॉल्व्हमधून चालत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

टाकी भरा, पंपाच्या ओढणाऱ्या पाइपमध्येही तेल भरा. इंजिन मंद ठेवून लिव्हर न ओढता दोन मिनिटं फिरू द्या, मग प्रत्येक जॅक वजनाशिवाय सावकाश चार-पाच वेळा पूर्ण चालवा. हवा निघाली की हालचाल सलग होते. तेलाची पातळी पुन्हा भरा.

गळती हातानं कधीही शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं. आधी नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि दुखतही नाही, पण काही तासांत हात गमवायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळून फिरवा, गळती असेल तर तो ओला होईल. असं तेल कुणाच्या अंगात घुसलं, तर घरगुती उपाय न करता ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि दाबाखालचं हायड्रॉलिक तेल घुसलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आर्म उंच असताना त्याखाली कुणी जायचं नाही. जॅकला लोखंडी अडसर लावल्याशिवाय ग्रीससुद्धा करायचं नाही.

तासभर काम झाल्यावर वॉल्व्हच्या बॉडीवर हात ठेवून बघा. हात ठेववत नसेल, तर तेल साठ अंशांच्या पुढं गेलंय, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा: लिव्हर मध्यावर असताना तेल मोकळं परत जातंय का? गेज जोडा. तेल साधारण तापलेलं असताना मध्यावर दहा-पंधरा बारपेक्षा जास्त दाब दिसला, तर कुठंतरी वाट अडलीय: परतीचा पाइप बारीक, फिल्टर चोंदलेला, स्पूल पूर्ण मध्यावर येत नाही, किंवा पॉवर बियाँडपुढची लिफ्ट तेल अडवतेय.

पहिल्या दहा तासांनंतर फिल्टर बदला, कारण वेल्डिंगची खपली आणि पाइप कापताना पडलेला रबराचा भुगा याच काळात सुटतो. ब्रॅकेटचे बोल्ट आवळा आणि त्यानंतर स्पूल मोकळा आहे ना, ते पुन्हा बघा. आणि लोडरला रंग मारताना वॉल्व्हवरची पाटी झाकून घ्या. दोन-तीन वर्षांनी सील किट आणायला गेलात, की दुकानदार पहिल्यांदा त्या पाटीवरचाच नंबर विचारतो.